ससा पाळण्यापूर्वी

कापसासारखे मऊ अंग, उभे लांब कान आणि सतत हलणारे इवलेसे नाक असा ससा दिसला, की त्याला उचलून पोटाशी धरावे असे कोणत्या मुलाला वाटत नाही? बाजारात पिंजऱ्यात बसलेली सशाची पिले पाहिली, की ‘आपल्याही घरी एक ससा हवा’ असा हट्ट सुरू होतो. हा हट्ट पुरा होण्यास घटकाभर वेळ पुरतो. परंतु नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो. सहावीत असताना आणलेला ससा, तो आणणारा विद्यार्थी महाविद्यालयात गेला तरी घरात असतो. म्हणून ससा घरी येण्यापूर्वीच त्याचा स्वभाव, त्याचे अन्न आणि त्याची सुखदुःखे जाणून घेणे आवश्यक आहे.

मराठीत ‘ससा’ या एकाच शब्दाने दोन निरनिराळे प्राणी ओळखले जातात. महाराष्ट्राच्या माळरानावर आणि शेताच्या बांधावर दिसणारा, मातकट रंगाचा व मानेवर काळसर डाग असलेला तो रानससा. तो बीळ खणत नाही. गवतातल्या उथळ खळग्यात दबून बसतो. त्याची पिले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. हा वन्य प्राणी आहे. त्याला पकडून घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध ठरविले आहे. पिंजऱ्यात विकला जाणारा ससा वेगळा. त्याचे पूर्वज स्पेन व पोर्तुगाल या देशांतले. ते जमिनीत बिळे खणून कळपाने राहत. त्यांची पिले जन्मतः उघडी आणि आंधळी असतात. साधारण दहाव्या दिवशी ती डोळे उघडतात. माणसाच्या घरात शेकडो वर्षे वाढूनही पाळीव सशाने हा बिळातला स्वभाव टाकलेला नाही. त्याला लपायला अंधारी जागा हवी असते, खणायला व कुरतडायला काही हवे असते आणि सोबतही हवी असते.

भित्र्या माणसाला ‘सशाचे काळीज’ आहे असे म्हणतात. पण कोल्हा, रानमांजर, घार, साप असे ज्याच्या मागावर सदैव असतात, त्याने सावध राहिले तर त्यात नवल ते काय? सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळविताही त्याला जवळजवळ सभोवार दिसते. मात्र नाकासमोरची थोडी जागा त्याला दिसत नाही. म्हणून एकदम नाकापुढे हात नेला, की तो दचकतो. वरून झडप घालून उचलले, की घारीनेच धरले असे वाटून तो जिवाच्या आकांताने धडपडतो. त्याचा हाडांचा सांगाडा फार हलका असतो. वजनाच्या शेकडा सात-आठ भागच तो भरतो. उलट मागच्या पायांचे स्नायू अतिशय बळकट असतात. हवेत लोंबकळत असताना त्याने जोराने लाथ झाडली, तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. यासाठी सशाला कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या अंगाखाली देऊन, त्याला अंगाशी टेकवून धरावे. त्याहूनही चांगले म्हणजे आपणच जमिनीवर शांत बसावे आणि त्याला जवळ येऊ द्यावे. पुष्कळ सशांना उचलून घेतलेले आवडत नाही. परंतु शेजारी बसून कपाळ कुरवाळलेले मात्र आवडते.

आता अन्नाविषयी. चित्रांतला ससा नेहमी गाजर खाताना दिसतो. म्हणून गाजर हेच त्याचे मुख्य अन्न असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः सशाचे खरे अन्न गवत होय. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात. दिवसभर गवत चावल्याने ते झिजतात आणि बेताचे राहतात. पोळी, बिस्किटे, भात यांवर ठेवलेल्या सशाचे दात अवाजवी वाढतात, तोंडात रुतू लागतात आणि मग समोर अन्न असूनही त्याला खाता येत नाही. यासाठी सुक्या व हिरव्या गवताचा मोठा वाटा त्याच्यापुढे रात्रंदिवस असावा. सोबत मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला थोडा थोडा द्यावा. गाजर व फळे गोड असल्याने क्वचित एखादा तुकडा पुरे. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट आणि मिठाई त्याला मुळीच देऊ नये. स्वच्छ पाणी सदैव भरलेले असावे.

सशाची पचनाची रीत मोठी विलक्षण आहे. गाय गवत गिळते आणि मग रवंथ करते. सशाला रवंथ करता येत नाही. पण निसर्गाने त्याला दुसरी युक्ती दिली आहे. गवताचा सार असलेल्या मऊ गोळ्या तो बाहेर टाकतो आणि लगेच पुन्हा खातो. हे पाहून किळस करू नये किंवा त्याला रागावू नये. त्या गोळ्या नेहमीच्या कोरड्या लेंड्यांपेक्षा वेगळ्या असतात व त्यांतून त्याला आवश्यक जीवनसत्त्वे मिळतात. सशाला ओकताही येत नाही. म्हणून पोटात गेलेले सतत पुढे सरकत राहावे लागते. ससा अर्धा दिवस काहीच खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर ते गंभीर आजाराचे लक्षण समजून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. ‘उद्या पाहू’ म्हटले, तर उद्या उशीर झालेला असतो.

महाराष्ट्रातील उन्हाळा हा सशाचा मोठा वैरी. त्याला घाम येत नाही. शरीरातली उष्णता तो मुख्यतः लांब कानांतील रक्तवाहिन्यांवाटे बाहेर टाकतो. तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्याला त्रास होऊ लागतो. विदर्भात व मराठवाड्यात तर वैशाखात पारा ४० च्याही पुढे जातो. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला ससा एका दुपारीत मरू शकतो. त्याला घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावे, बसायला शहाबादी फरशीचा तुकडा द्यावा आणि खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावावा. कानांना ओल्या हाताने हळुवार पुसले तरी त्याला बरे वाटते. पण त्याला पाण्यात बुडवून आंघोळ कदापि घालू नये. त्या भीतीने तो दगावू शकतो. मांजराप्रमाणे तोही आपले अंग चाटून स्वच्छ ठेवतो.

सशाचा पिंजरा हे त्याचे झोपण्याचे ठिकाण; तो त्याचा जन्मभराचा तुरुंग होता कामा नये. मागच्या पायांवर ताठ उभे राहता येईल आणि तीन-चार उड्या मारता येतील एवढा तो मोठा असावा. तारेच्या जाळीच्या तळाने पायांना जखमा होतात. म्हणून खाली फळी व गवत अंथरावे. ससा सकाळी व तिन्हीसांजेला अधिक खेळकर असतो. त्या वेळी त्याला काही तास मोकळे सोडावे. मात्र विजेच्या तारा त्याच्या दातांच्या आवाक्यात नसाव्यात आणि कुत्री-मांजरे जवळपास नसावीत. आनंदला, की तो हवेत उडी घेऊन अंगाला गिरकी देतो. धोका वाटला, की मागचा पाय जमिनीवर आपटतो. शरीरधर्मासाठी तो बहुधा एकच कोपरा निवडतो. त्या कोपऱ्यात गवत घातलेले पसरट भांडे ठेवले, की त्याला लवकर शिस्त लागते.

एकटा ससा उदास होतो, हे खरे. परंतु नर-मादी एकत्र ठेवण्यापूर्वी एका इतिहासाची आठवण ठेवावी. १८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने ऑस्ट्रेलियात शिकारीसाठी सुमारे दोन डझन ससे मोकळे सोडले. काही दशकांतच त्यांच्या संततीने कुरणे आणि पिके फस्त करण्यास प्रारंभ केला. अखेर ससे अडविण्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात एकूण ३,२०० किलोमीटरांहून अधिक लांबीची कुंपणे घालावी लागली. सशाची मादी अवघ्या एकतीस दिवसांत विते आणि पुन्हा लगेच गाभण राहू शकते. म्हणून जोडी आणायची असेल, तर पशुवैद्याकडून वेळीच शस्त्रक्रिया करून घ्यावी.

पशुवैद्याची चौकशीही ससा आणण्यापूर्वीच करावी. कारण गुरांची किंवा कुत्र्यांची चिकित्सा करणाऱ्या प्रत्येकाला सशाची माहिती असतेच असे नाही. दुखणे लपविणे हा सशाचा उपजत स्वभाव आहे. रानात दुबळा दिसणारा प्राणी शत्रूच्या तोंडी प्रथम पडतो. ससा विव्हळत नाही. तो कोपऱ्यात अंग आखडून बसतो, अन्नाला तोंड लावत नाही आणि करकर दात वाजवतो. हे ओळखण्यासाठी कोणीतरी त्याच्याकडे रोज लक्षपूर्वक पाहणारे लागते.

नवेपणा सरला, की काही जण सशाला ‘स्वातंत्र्य’ देण्यासाठी रानात नेऊन सोडतात. हे स्वातंत्र्य नव्हे. पांढऱ्या रंगामुळे घारीला तो दुरूनच दिसतो. अन्न शोधण्याची त्याला सवय नसते. त्याने आसऱ्याला बीळ खणण्यापूर्वीच त्याचा अंत ओढवतो. तेव्हा आधीच घरातील सर्वांनी मिळून विचार करावा. सुट्टीत गावी गेल्यावर त्याला कोण सांभाळील? परीक्षेच्या दिवसांत त्याचा पिंजरा कोण झाडील? औषधपाण्याचा खर्च झेपेल काय? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ससा न आणणेच त्याच्या हिताचे.

मराठीत वचन पाळतात, वेळ पाळतात आणि प्राणीही पाळतात. क्रियापद एकच आहे. ज्याला ससा पाळायचा आहे, त्याने दहा वर्षांचे एक वचन पाळायचे आहे. ते ज्याला साधेल, त्याच्या पावलांचा आवाज ऐकताच एक भित्रा प्राणी न भिता बिळाबाहेर येईल आणि त्याच्या हाताखाली आपले कपाळ टेकवील.