राक्षसाचे आकडे कुठे शोधायचे आणि कसे वाचायचे?



आजचा पाठ थोडा वेगळा आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला.

मे महिन्याच्या सुट्टीत भाच्यांनी मला डंजन मास्टर केलं. चार मुलं, चौघांचीही पात्रं पहिल्या पातळीची. मी पुस्तकातलं चित्र बघून 'ऑगर' नावाचा धिप्पाड राक्षस निवडला. पहिल्याच फटक्यात त्याने १५ चं नुकसान केलं. धाकट्याच्या जादूगाराचे हिट पॉइंट होते ७. जादूगार जागच्या जागी मेला! दोन दिवस खपून बनवलेलं पात्र ते. पोरगं डोळे पुसत म्हणालं, "आत्या, तू आकडे बघितलेच नाहीस ना?" खरंच नव्हते बघितले. म्हणून हा पाठ.

१) आकडे कुठे मिळतात?

मुख्य जागा म्हणजे 'मॉन्स्टर मॅन्युअल' हे पुस्तक. ते पहिल्यांदा १९७७ साली आलं. पाचव्या आवृत्तीचं २०१४ साली आणि त्याचं सुधारित रूप २०२५ साली आलं.

पुस्तक महाग वाटत असेल तर 'सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट' बघा. विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही प्रकाशन कंपनी ते फुकट देते. जानेवारी २०२३ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. म्हणजे श्रेय देऊन आपण ते छापू शकतो, मराठीत आणू शकतो. मात्र बिहोल्डर, माइंड फ्लेयर असे काही प्रसिद्ध राक्षस त्यात नाहीत, त्यासाठी पुस्तकच हवं. गंमत म्हणजे आपला 'राक्षस' त्याच नावाने त्यात आहे! पण तिथे त्याला वाघाचं डोकं आणि उलटे तळहात आहेत.

लक्षात ठेवा : आधी आवृत्ती तपासा. १९७७ च्या पुस्तकात गॉब्लिनचा आर्मर क्लास ६ आहे, २०१४ च्या पुस्तकात १५. जुन्या नियमांत हा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते उलटं झालं. दोन्हींची सरमिसळ केली की खेळ फसलाच.

२) तक्ता कसा वाचायचा?

२०१४ चा गॉब्लिन घेऊ.

आर्मर क्लास १५ : त्याला लागायला फासा आणि हल्ल्याची भर मिळून १५ किंवा जास्त यायला हवेत. तुमच्या योद्ध्याची भर +५ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर १० ते २० पैकी काहीही चालेल. म्हणजे २० पैकी ११ वेळा, ५५ टक्के.

हिट पॉइंट ७ (२डी६) : कंसातलं म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे. एका फाशाची सरासरी ३.५, दोघांची ७. तोच आकडा छापलेला आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना सरासरी शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

तलवार +४, नुकसान १डी६+२ : सरासरी ५.५, पण अपूर्णांक सोडून ५ छापतात.

३) सगळ्यात महत्त्वाचा आकडा

तो म्हणजे चॅलेंज रेटिंग. रेटिंग २ म्हणजे दुसऱ्या पातळीच्या चार पात्रांना झेपेल असा एक राक्षस. ऑगरचं रेटिंग २, एका फटक्याचं सरासरी नुकसान १३. माझी मुलं पहिल्या पातळीवर! चूक इथेच झाली. रेटिंग पातळीपेक्षा जास्त असेल तर राक्षसाचं नुकसान आणि सगळ्यात कच्च्या पात्राचे हिट पॉइंट शेजारी-शेजारी लिहून बघा.

संख्याही बघा. गॉब्लिनचं रेटिंग पाव, गुण ५०. दोन गॉब्लिन म्हणजे १०० गुण. पण दोघे मिळून चाल करतात म्हणून दीडपट, १५०. चार असले तर २०० ची दुप्पट, ४००. पहिल्या पातळीच्या चौघांसाठी ४०० ला 'प्राणघातक' पातळी सुरू होते. गॉब्लिन दुप्पट केले, पण धोका दुपटीहून जास्त वाढला.

दुसऱ्या दिवशी मी दोनच गॉब्लिन ठेवले. धाकट्याने नवीन जादूगार बनवला. शेवटचा गॉब्लिन त्यानेच पाडला आणि घरभर नाचला. आकडे आधी वाचले की हरणंसुद्धा पोरांना पटतं, कारण ते न्यायाने झालेलं असतं.

करून पहा : सापळ्याचे हिट पॉइंट २डी८+४ आहेत. सरासरी किती? उत्तर वहीत लिहा, मग तक्त्याशी ताडून बघा.