हाडांच्या आतली उपासमार

लंच-अवर. सगळ्यांचे डबे उघडलेत आणि 'ती' मात्र काकडीचे चार काप चिवडत बसलीय. 'डाएटवर आहे गं!' वजन झरझर उतरतंय, कॉम्प्लिमेंट्स मिळतायत. पण दोन जिने चढले की धाप लागते, हात सदा गार, पाळी गायब. ब्लड रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी, पांढऱ्या पेशीही कमी. याचं मूळ कधी कधी थेट हाडांच्या आत असतं.

आपल्या रक्ताचा कारखाना म्हणजे हाडांमधली अस्थिमज्जा, अर्थात बोन मॅरो. तिथे रक्त बनवणाऱ्या पेशी असतात आणि चरबीही. अॅनोरेक्सियात गंमत अशी, की अंगावरची चरबी झडत असताना मज्जेतली चरबी आधी चक्क वाढते! उपासमार टोकाला गेली की मात्र तीही आटते, रक्त बनवणाऱ्या पेशी घटतात आणि मोकळ्या जागेत जेलीसारखा पदार्थ साचतो. त्यात भरपूर असतं हायल्युरॉनिक अॅसिड. हो, तेच, तुमच्या महागड्या सीरमच्या बाटलीवरचं! डॉक्टर याला 'जिलॅटिनस ट्रान्सफॉर्मेशन' म्हणतात. टीबी, एड्स, कॅन्सरमध्येही ते दिसतं. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे मज्जा ठणठणीत, असंही नाही.

2006 मध्ये माद्रिदच्या फॅशन वीकने बीएमआय 18च्या खालच्या मॉडेल्सना रॅम्पवर बंदी घातली. पण आरशातल्या 'जाडी'वर बंदी कोण घालणार? अॅनोरेक्सिया म्हणजे नखरे नव्हेत, तो आजार आहे. आणि तो मुलांनाही होतो.

गुड न्यूज? नीट खाणं सुरू झालं की मज्जा बहुधा पूर्ववत होते. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी काम भागत नाही. पण खूप उपाशी शरीराला एकदम पोटभर खायला घालणंही धोक्याचं. रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांपैकी काही जण असेच दगावले. म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि हाडांची घनता? ती मात्र पूर्णपणे भरून येईलच असं नाही. उशीर महागात पडतो तो इथे.

तेव्हा उद्या लंचला 'कसली बारीक झालीस!' म्हणू नका. बाजूला घेऊन 'बरी आहेस ना?' एवढंच विचारा. बोलायला कुणी हवं असेल, तर सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन आहे : 14416.