दाखल्यावरचा एक शब्द

नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातल्या बौद्ध वस्तीत कुणी घरकुलाचा अर्ज भरायला बसलं, की पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी निघते. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, जॉबकार्ड, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ आणि जातीचा दाखला. पहिले चार कागद गावात कुणाकडेही सापडतील. रमाई आवास योजनेचं दार उघडतं ते पाचव्या कागदाने, कारण ही योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे. यातला ‘नवबौद्ध’ हा शब्द सरकारला आपणहून सुचलेला नाही. तो मागून, भांडून घेतलेला आहे.

अनुसूचित जातींची यादी १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट होती. यादीतल्या जातीचा माणूस हिंदू असला, तरच तो अनुसूचित जातीचा. १९५६ मध्ये तिथे शिखांची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मुखेड तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. अठरा दिवसांनी मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर मराठवाड्यातल्या ज्या कुटुंबांनी दीक्षा घेतली, त्यांची वस्ती गावाबाहेर होती तिथेच राहिली, मजुरी तीच राहिली. केंद्राच्या कागदावर मात्र ही कुटुंबं अनुसूचित जातीतून बाहेर पडली.

मागणी इथून सुरू झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राचं दार बंदच होतं. ६ डिसेंबर १९६४ पासून आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले. त्या मागण्यांच्या यादीत पडीक जमीन होती आणि बौद्धांच्या सवलतीही होत्या. पुढे १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, तेव्हा नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. घर मिळणं आणि मिळालेल्या घरात निर्धास्त झोपता येणं हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्या वर्षी उघड झालं.

दोन्ही प्रश्नांना कायद्याचा आधार १९९० मध्ये मिळाला. ३० जानेवारीला अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू झाला. पण त्याचं संरक्षण फक्त अनुसूचित जाती-जमातींना होतं. तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे बौद्ध त्यात बसत नव्हते. काही महिन्यांनी संसदेने त्या परिच्छेदात बौद्धांचा समावेश केला आणि संरक्षण त्यांच्यापर्यंत पोचलं.

या कायद्याचे १९९५ चे नियम फार कमी लोक वाचतात. त्यातला तिसरा नियम शस्त्रांविषयी बोलतो. अत्याचार घडण्याची शक्यता असलेला भाग आधी ओळखायचा. गरज वाटल्यास त्या भागातल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे बंदुकीचे परवाने रद्द करायचे. बेकायदा बंदुका जप्त करायच्या. आणि गरज असेल तर पीडित समाजाच्या लोकांना परवाना द्यायचा. त्याच नियमांना जोडलेल्या मदतीच्या तक्त्यात घराची तरतूद आहे: घर जाळलं किंवा पाडलं, तर सरकारी खर्चाने विटांचं किंवा दगडी बांधकामाचं घर बांधून द्यायचं. अशा प्रकरणांचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती घेते. गावात तणाव वाढला असेल तर लेखी अर्ज या समितीकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे द्यावा, पोच घ्यावी.

आता घरकुलाकडे. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा, निवड ग्रामसभेत व्हायची, पुढची छाननी पंचायत समितीत. मंजुरी आली की पैसे हप्त्यांनी थेट बँक खात्यात येतात. जोतं झालं, भिंती वर आल्या, छत पडलं. प्रत्येक टप्प्याचा जागेवर फोटो निघतो आणि त्यावर पुढचा हप्ता अवलंबून असतो. घर किमान २६९ चौरस फुटांचं. ग्रामीण भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी वेगळी. मिस्त्रीचा भाव आणि वाळूचा दर पाहता या रकमेत पदरचे पैसे घालावेच लागतात.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते जागेवर. घर गायरानावर असेल आणि १ जानेवारी २०११ पूर्वीचं असेल, तर १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाच्या अटींत बसल्यास ते अतिक्रमण नियमित करून घेता येतं. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाच्या योजनेतून जागा घ्यायला अर्थसहाय्य मिळतं.

दाखला काढताना एक गोष्ट तपासावी. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर अनेकांच्या नावापुढे नुसतं ‘बौद्ध’ लिहिलेलं असतं. केंद्राच्या सवलतीसाठी मूळ अनुसूचित जातीचा पुरावाही लागतो. जी जात मागे टाकायला दीक्षा घेतली, तीच हक्कासाठी कागदावर दाखवावी लागते. धर्मांतरित दलित ख्रिश्चन आणि मुस्लिमांना तर तिसऱ्या परिच्छेदात अजून जागाच नाही. त्यांच्या मागणीचा विचार करायला २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला.

म्हणून घरकुलाची यादी लागली की फक्त आपलं नाव शोधून थांबू नये. यादीच्या वर ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असं छापलेलं असतं, तेही वाचावं. त्यातला शेवटचा शब्द तुरुंग भोगून आलेला आहे.