चक्रीवादळाची वाट आणि जादा दाबाचे प्रदेश

समुद्रात चक्रीवादळ निर्माण झाल्याची वार्ता आली की किनाऱ्यावरील बागायतदाराच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की ते आपल्याकडे येणार की नाही. वादळ किती मोठे आहे हा प्रश्न त्यामानाने दुय्यम होय. खोल समुद्रातून निघून जाणारे प्रचंड वादळ वाडीतील एक झावळीही पाडीत नाही. उलट त्याहून पुष्कळ लहान वादळ वाडीवरून गेले, तर वीस-पंचवीस वर्षांची मेहनत दोन-तीन तासांत आडवी होते. म्हणून वादळाची वाट कशी ठरते, हे शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

वादळास पुढे कोण नेते?

पुराच्या पाण्यात भोवरा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे गरगर फिरणे ही एक गोष्ट आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत जाणे ही दुसरी गोष्ट. चक्रीवादळाचेही असेच आहे. केंद्राभोवती वारे ताशी १०० ते १५० किलोमीटर वेगाने फिरत असले, तरी सबंध वादळ बहुधा ताशी १५ ते २५ किलोमीटर एवढ्याच वेगाने पुढे सरकते. हे सरकणे मुख्यतः सभोवतालच्या हवेच्या प्रवाहावर अवलंबून असते. हा प्रवाह केवळ जमिनीलगतचा नसतो. प्रबळ वादळाच्या बाबतीत सुमारे दीड किलोमीटरपासून दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंतच्या जाड थरातील वारे विचारात घ्यावे लागतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे आपल्या गोलार्धात वादळास स्वतःहून वायव्येकडे सरकण्याची थोडी प्रवृत्ती असते. परंतु तिचा वेग मंद असतो.

हे प्रवाह निर्माण होतात ते जादा दाबाच्या प्रदेशांमुळे. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा सुमारे ३० अक्षांशाच्या आसपास खाली उतरते व तेथे हवेचा दाब वाढतो. उत्तर गोलार्धात अशा प्रदेशाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहतात. त्यामुळे त्याच्या दक्षिण कडेने ते पूर्वेकडून पश्चिमेकडे, पश्चिम कडेने दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि उत्तर कडेने पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात. वादळ या प्रदेशात शिरत नाही. त्याच्या कडेकडेने वाहत जाते. उन्हाळ्यात हा दाबाचा पट्टा उत्तरेस सरकतो व हिवाळ्यात दक्षिणेस येतो. म्हणूनच वादळांच्या वाटाही मोसमाप्रमाणे बदलतात.

फ्लोरिडाच्या संत्र्यांची कथा

या नियमाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ॲटलांटिक महासागरात पाहावयास मिळते. तेथील चक्रीवादळांस हरिकेन म्हणतात व त्यांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. या महासागरावर अझोर्स बेटांपासून बर्म्युडा बेटापर्यंत जादा दाबाचा एक विस्तीर्ण प्रदेश असतो. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जन्मलेले हरिकेन त्याच्या दक्षिण कडेने पश्चिमेकडे येते आणि त्याचे पश्चिम टोक जेथे संपते तेथून उत्तरेकडे वळते. हे टोक समुद्रातच संपले तर हरिकेन समुद्रातच वळते. तेच टोक अमेरिकेच्या भूमीपर्यंत पसरले असेल, तर वळण्यास वाटच मिळत नाही व हरिकेन किनाऱ्यावर येऊन आदळते.

सन २००४ मध्ये ॲटलांटिकमध्ये ९ हरिकेने झाली. त्यांपैकी चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन व जीन या चौघांचा तडाखा सहा-सात आठवड्यांत एकट्या फ्लोरिडा राज्यास बसला. जीनची वाट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. बहामा बेटांच्या ईशान्येस ते प्रवाह मंदावल्यामुळे रेंगाळले व त्याने तेथेच एक फेरा घेतला. इतक्यात उत्तरेस जादा दाब पुन्हा वाढला आणि त्याने जीनला पश्चिमेकडे ढकलले. तीन आठवड्यांपूर्वी फ्रान्सिस जेथे जमिनीवर आले होते, जवळजवळ त्याच ठिकाणी जीनही आले. फ्लोरिडा हे संत्र्यांचे आगर. त्या राज्याचे संत्र्यांचे पीक एका वर्षात सुमारे २४ कोटी पेट्यांवरून सुमारे १५ कोटी पेट्यांवर घसरले. ग्रेपफ्रूटचे पीक तर एक-तृतीयांशाहूनही कमी राहिले. वाऱ्याबरोबर उडालेल्या पावसाने लिंबूवर्गीय झाडांवरील खैऱ्या रोगाचे जंतू दूरवर पसरविले. २००५ मध्ये आणखी हरिकेने आली आणि २००६ च्या आरंभी हा रोग समूळ नष्ट करण्याची मोहीमच सोडून द्यावी लागली.

आता सन २०१० पाहा. त्या वर्षी हरिकेनांची संख्या १२ म्हणजे २००४ पेक्षा अधिक होती. तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन आले नाही. आफ्रिकेकडून निघालेल्या बहुतेक हरिकेनांस महासागरातच उत्तरेकडे वळण्यास मोकळी वाट मिळाली. दक्षिणेकडून गेलेली काही मेक्सिको व मध्य अमेरिकेवर आदळली. तात्पर्य, मोसमात वादळे किती होतील यावरून आपल्या गावाचे भवितव्य कळत नाही.

अरबी समुद्रातील स्थिती

हाच नियम आपल्या पश्चिम किनाऱ्यासही लागू आहे. अरबी समुद्रात वादळांचे मोसम दोन आहेत : मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या थरात पश्चिमेकडून व वरच्या थरात पूर्वेकडून जोरदार वारे वाहतात. त्यांच्या ओढाताणीत वादळाची उभारणी टिकू शकत नाही. मोसमाच्या दोन्ही टोकांस मात्र वादळाची वाट आजूबाजूच्या जादा दाबांवर ठरते. जादा दाब वादळाच्या उत्तरेस असला, तर ते अरबस्तानाकडे जाते. तो पूर्वेस असला, तर वादळ आपल्या किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरकते. तो आग्नेयेस असून वायव्येकडून कमी दाबाची द्रोणी जवळ आली, तर वादळ ईशान्येकडे, म्हणजे थेट कोकणाकडे वळते. दोन बाजूंस दोन जादा दाब सारख्याच बळाचे असले, की वादळ घुटमळते व त्याचा अंदाज बांधणे कठीण होते.

गेल्या काही वर्षांत यांपैकी प्रत्येक प्रकार आपण अनुभवला आहे. जून २०१९ मधील 'वायु' वादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ येऊन समुद्रात वळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'क्यार' रत्नागिरीच्या पश्चिमेस बळावले आणि अरबस्तानाच्या दिशेने निघून गेले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' मात्र ईशान्येकडे वळून अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर आले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा मुळासकट उपटून गेले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' किनाऱ्याला समांतर जात गुजरातेत पोहोचले. परंतु वाटेत सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील हापूस आंब्याची नासाडी करून गेले. 'क्यार' दूर गेले तरी त्याच्या पावसाने कापणीस आलेले भात भिजवून आडवे केले, हेही विसरता कामा नये.

मागील खेपेस वळले, म्हणून याही खेपेस वळेल, अशी समजूत गावोगाव आढळते. ती अत्यंत घातक आहे. वादळास स्वतःची सवय नसते. ज्या दाबाने पूर्वीचे वादळ दूर नेले, तो दाब या वेळी तेथे असेलच असे नाही.

अंदाज बदलतो तो का?

जादा दाबाचा प्रदेश हा काही दगडाचा डोंगर नव्हे. तो रोज थोडा पसरतो, आकसतो व सरकतो. ५०० किलोमीटरच्या प्रवासात वादळाच्या दिशेत १० अंशांचा फरक पडला, तर ते सुमारे ९० किलोमीटर बाजूस जाते. किनाऱ्याशी जवळजवळ समांतर जाणाऱ्या वादळाच्या बाबतीत जमिनीवर येण्याचे ठिकाण तर याहूनही दूर सरकते. भारतीय हवामान विभाग नकाशावर वादळाच्या रेषेभोवती पुढे रुंदावत जाणारा पट्टा दाखवितो, तो याच कारणासाठी. आपले गाव मधल्या रेषेवर आहे की नाही हे पाहून निश्चिंत होऊ नये. गाव पट्ट्यात असेल, तर धोका आहे असेच समजावे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

हवामान विभागाचा दक्षतेचा इशारा साधारणतः ४८ तास आधी व धोक्याचा इशारा २४ तास आधी मिळतो. पहिल्या इशाऱ्याबरोबरच कामास लागावे.

१. तयार झालेले भात कापून, सुके असल्यास झोडून सुरक्षित जागी ठेवावे. कापलेले पीक खाचरात पसरलेले राहू देऊ नये.

२. तयार आंबा उतरवून घ्यावा. केळीस आधार द्यावेत. नारळाचे तयार नारळ व वाळलेल्या झावळ्या काढून टाकाव्यात.

३. बागेतील व खाचरातील पाण्याचे चर मोकळे करावेत. खत देणे व औषध फवारणे पुढे ढकलावे.

४. जनावरे जुनाट गोठ्यात किंवा मोठ्या झाडाखाली बांधू नयेत. वैरण कोरडी राहील अशी व्यवस्था करावी.

५. वाऱ्याचा जोर एकाएकी थांबला तरी बाहेर पडू नये. वादळाचा मध्य डोक्यावर आला असता असे घडते व थोड्याच वेळात उलट दिशेने वारा सुटतो.

६. वादळानंतर, मुळे शाबूत असलेली लहान कलमे दोन-तीन दिवसांत उभी करून मातीची भर व आधार द्यावा. मोडलेल्या फांद्या नीट कापून कापावर बोर्डो पेस्ट लावावी. लिंबाच्या बागेत खैऱ्या रोगावर ताम्रयुक्त औषध फवारावे.

पूर्वतयारी केली आणि वादळ वळले, तर एक-दोन दिवसांची मजुरी खर्ची पडते व काही माल थोडा लवकर उतरवावा लागतो. तयारी केली नाही आणि वादळ आले, तर हाती आलेले पीक जाते व माणसे-जनावरे संकटात सापडतात. मुळासकट पडलेली सुपारीची बाग पुन्हा फळावर येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. ती वाचविणे कोणाच्याच हाती नाही, म्हणून निदान वाचविता येईल तेवढे वेळीच वाचवावे. जादा दाब कोठे सरकेल हे आपल्या स्वाधीन नाही. इशारा मिळताच कामास लागणे हे मात्र सर्वस्वी आपल्या स्वाधीन आहे.