सभेची नोटीस आली आहे, वाचणार कोण?

ऑगस्ट संपत आला की सीमाभागातल्या घरांत सहकारी संस्थांची पाकिटे यायला लागतात. पातळ कागदावर छापलेली वार्षिक अहवालाची पुस्तिका, तिच्यात संचालकांचे फोटो, मागे आकड्यांचे तक्ते आणि सोबत सभेची नोटीस. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते म्हणून ही धांदल. सभासद आजोबा असतात किंवा वडील. नातवंडे पुण्यात, बंगळुरात किंवा त्याहून लांब. पाकीट कपाटावर जाऊन बसते.

आपल्या मंडळाच्या तरुण वाचकांना माझी विनंती आहे, की या वर्षी ते पाकीट उघडा. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात क्वचितच एखादे मराठी घर असे असेल, ज्याचा पैसा, ऊस, दूध किंवा पीककर्ज कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेत गुंतलेले नाही. ते घर उद्या तुम्हालाच सांभाळायचे आहे.

सहकार आपल्या भागाला नवा नाही. १९०४ साली इंग्रज सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला आणि पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात देशातली पहिली शेतकरी पतसंस्था उभी राहिली. सिद्धनगौडा पाटील हे तिचे कर्ते. तेव्हा हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यात होता. सावकाराच्या व्याजाला पर्याय म्हणून गावाने आपलाच पैसा एकत्र करायचा, गावानेच तो द्यायचा आणि गावानेच वसूल करायचा, एवढी साधी ती कल्पना. तिचे मूळ त्याहून जुने. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी १८४४ साली २८ जणांनी एक दुकान काढले आणि नियम केला की भाग कितीही असोत, प्रत्येकाला मत एकच. आजही आपल्या गावच्या कृषी पत्तीन संघात पन्नास एकरवाल्याला आणि दहा गुंठेवाल्याला एकेकच मत आहे.

निपाणीच्या लोकांना याचे मोल वेगळे सांगायला नको. इथले मुख्य पीक तंबाखू. शेतकरी माल पिकवायचा आणि भाव ठरायचा व्यापाऱ्याच्या वखारीत. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. मालाचा भाव ठरवण्यात आपल्याला काही जागा असावी, हीच त्या आंदोलनाची मागणी होती. सहकारी संस्थेत ती जागा कायद्यानेच मिळालेली असते. प्रश्न एवढाच, की आपण तिथे जाऊन बसतो का.

आधी पाटीखालची बारीक अक्षरे

आपल्याकडे ‘सोसायटी’ म्हटले की सगळ्या सारख्याच वाटतात. प्रत्यक्षात एकाच रस्त्यावरच्या तीन संस्था तीन वेगळ्या कायद्यांखाली असू शकतात. पहिला कर्नाटक सहकारी संस्था कायदा, १९५९. गावचा कृषी पत्तीन संघ आणि जुन्या पतसंस्था साधारणपणे त्यात येतात. दुसरा सौहार्द सहकारी कायदा, १९९७ चा. यात सरकारचा हस्तक्षेप कमी आणि संस्थेची स्वायत्तता जास्त, म्हणून सभासदांनीही जास्त जागे राहायला हवे. तिसरा केंद्राचा बहुराज्य सहकारी संस्था कायदा, २००२.

हा तिसरा कायदा सीमाभागाच्या फार जवळचा आहे. १९५६ साली राज्यांची रेषा आखली गेली, पण सोयरिकी, बाजार आणि उसाच्या गाड्या रेषा ओलांडतच राहिल्या. निपाणीच्या संस्थेत कागल-गडहिंग्लजचे सभासद आले की ती संस्था दोन राज्यांची होते आणि तिचा निबंधक बंगळुरात किंवा पुण्यात न राहता दिल्लीत असतो. २०२३ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले, ठेवीदार-सभासदांच्या तक्रारींसाठी लोकपालाची तरतूद झाली आणि संस्थेत माहिती अधिकारी असणे आले. संचालक २१ पेक्षा जास्त असू नयेत आणि त्यांत दोन जागा महिलांसाठी व एक अनुसूचित जाती-जमातींसाठी असावी, असाही नियम आहे. नफ्यातला किमान २५ टक्के भाग राखीव निधीत टाकावाच लागतो. लाभांश वाढवून सभासदांना खूश करायचे आणि राखीव निधी कोरडा ठेवायचा, याला तिथे आळा बसतो.

पाटीवर ‘बँक’ हा शब्द आहे की नाही, हेही पाहा. सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि तिथल्या ठेवीला विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून हा विमा एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पतसंस्था, सौहार्द किंवा मल्टिस्टेट सोसायटी यांच्या ठेवींना तो लागू नाही. पाटी कितीही झगझगीत असली आणि आत वातानुकूलित हॉल असला तरी नाही. आईवडिलांच्या निवृत्तीचा पैसा कुठे ठेवायचा, हे ठरवताना घरात एवढे तरी सर्वांना ठाऊक असावे.

सह्यांची वही

माझी आत्या निपाणीजवळच्या एका खेड्यात राहायची. विड्या वळून मिळणाऱ्या पैशांतून रोज थोडे पिग्मीला टाकायची. पिग्मी ही मुळात उडुपीकडच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली काढलेली योजना. घरी येऊन रोजची लहानशी रक्कम गोळा करायची. आपल्या पतसंस्थांनी ती इतकी आपलीशी केली की पिग्मीवाला हा घरचाच माणूस झाला. आत्याची पिग्मी पुरी झाली की ती रक्कम त्याच पतसंस्थेत मुदत ठेव व्हायची. बँकेपेक्षा दोन-अडीच टक्के व्याज जास्त होते.

एके दिवशी संस्थेचे शटर अर्ध्यावर आले आणि पैसे मागायला गेलेल्यांना ‘पुढच्या आठवड्यात या’ सांगू लागले. मग लेखापरीक्षण झाले आणि कळले की मोठी कर्जे चार-पाच नात्यातल्या माणसांना गेली होती. आत्याला मुद्दल तुकड्यातुकड्याने मिळत सहा वर्षे लागली. व्याज मिळालेच नाही. मला सगळ्यात जास्त लागली ती दुसरी गोष्ट. चौकशीत मागच्या सभांची हजेरीवही निघाली आणि तिच्यात आत्याची सही होती. ती कधी सभेला गेलीच नव्हती. पिग्मीवाला पावतीबरोबर आणखी एक कागद पुढे करायचा, ‘इथे एक सही करा, आक्का’, म्हणायचा. कागदोपत्री आत्याने प्रत्येक वर्षीचा ताळेबंद मंजूर केला होता.

मोठ्या शहरातही वेगळे घडले नाही. मुंबईच्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा बाहेर आले की कर्जाचा सत्तर टक्क्यांहून मोठा भाग एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होता आणि तो झाकण्यासाठी एकवीस हजारांहून जास्त बनावट खाती उघडली होती. आत्याच्या संस्थेत आणि तिथे आकड्यांमागची शून्ये वेगळी असतील, पण एकाच हाताला जाणारे कर्ज आणि न वाचलेला अहवाल दोन्हीकडे सारखाच.

रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच नागरी सहकारी बँकांना संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यास मनाई केली. पतसंस्थेतही हा रिवाज पोटनियमात आणता येतो. नात्यातल्या माणसाचा कर्ज-अर्ज आला की त्या संचालकाने सभागृहाबाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. हे सांगायला संकोच वाटतो, कारण संचालक आपलेच कुणीतरी असतात. पण ज्या संस्थेत असे बाहेर जाण्याचा प्रघात आहे, तिथे संचालकाकडे बोट दाखवायची वेळही येत नाही.

काटा, उतारा आणि वीज

शेतीच्या संस्थांमध्ये पैशाच्या आधी माप येते. साखर कारखान्याच्या सभासदासाठी दोन आकडे महत्त्वाचे: काट्यावरचे वजन आणि साखरेचा उतारा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ. शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला उताऱ्यातल्या एका दशांशाने ३,४६० रुपयांचा फरक पडतो. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे. चांगल्या कारखान्यात काट्याची तपासणी सभासदांसमोर होते, रोजचा उतारा फळ्यावर लागतो आणि बिल कधी जमा झाले याची तारीख अहवालात असते. आपल्या कारखान्याच्या अहवालात ती शोधा.

सहकार केवळ ऊस आणि पैसा एवढ्यावर थांबत नाही, याचे उदाहरण बेळगावहून निपाणीला जाणाऱ्या महामार्गावरच आहे. संकेश्वर ज्या तालुक्यात येते त्या हुक्केरीत १९६९ पासून ग्रामीण विद्युत सहकारी संस्था वीज पोचवते. ग्राहक हेच सभासद. त्या वेळी देशात अशा पाच पथदर्शी संस्था निघाल्या. त्यांतली एक नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा. मुळा-प्रवराकडे विकत घेतलेल्या विजेच्या बिलांची थकबाकी साचत गेली आणि २०११ साली तिचा परवाना संपून वितरण महावितरणकडे गेले. हुक्केरीची संस्था टिकली. दोन्हीकडच्या अडचणींचे तपशील वेगळे असले, तरी सभासदाने विचारायचा प्रश्न एकच. आपण घेतो त्या सेवेची पूर्ण किंमत कोण भरतो आहे आणि उरलेली कोणाच्या नावावर साचते आहे? स्वस्त दराच्या घोषणेला टाळ्या वाजवण्याआधी ‘देणी’ हा रकाना पाहावा.

कुठल्या भाषेत?

सीमाभागातला एक प्रश्न इतर ठिकाणी पडत नाही. अहवाल कुठल्या भाषेत? काही संस्थांची कागदपत्रे केवळ कन्नडमध्ये येतात, काहींची केवळ मराठीत. आजीला कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही, आणि शेजारच्या कन्नड सभासदाला मराठी ताळेबंदातले ‘येणे व्याज तरतूद’ कळत नाही. भाषेवरून आपल्याकडे खूप झाले आहे, पण इथे अगदी व्यवहाराचे कारण आहे. ज्याला हिशेब वाचता येत नाही त्याचा हात मोजून घेतला जातो, मत घेतले जात नाही. अहवाल दोन्ही भाषांत छापावा, असा ठराव सभेत मांडायला दोन्हीकडचे सभासद सहसा तयार होतात. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात मराठी आणि कन्नड माणसे वर्षानुवर्षे शेजारी बसत आली आहेत. तिथे हे जमू शकते.

सुट्टीत गावी गेलात की

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाल तेव्हा एक तास यासाठी काढा. आईवडिलांच्या नावावर कुठल्या संस्थांचे भाग आणि ठेवी आहेत, याची यादी करा. प्रत्येक ठिकाणी वारसाचे नाव लागले आहे का, ते पाहा. ठेवपावत्यांचे फोटो काढून ठेवा. अहवालात तीन गोष्टी शोधा: लेखापरीक्षणात मिळालेला वर्ग, थकीत कर्जांचे प्रमाण मागच्या वर्षीपेक्षा वाढले की घटले, आणि लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांवर संचालकांनी दिलेले उत्तर. बाजारभावापेक्षा फार जास्त व्याज मिळत असेल तर ते देणाऱ्याला परवडते कसे, हे विचारा. संस्थेचे व्यवहार संगणकावर आले आहेत का, हेही विचारा. केंद्राने २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० गावसोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली आहे, तेव्हा हा प्रश्न आता जगावेगळा राहिलेला नाही.

आणि आजोबांना सभेला न्या. कर्नाटकच्या कायद्यात सभेला हजर राहणे आणि संस्थेशी ठराविक व्यवहार करणे यांच्याशी मतदानाचा हक्क जोडलेला आहे. वर्षानुवर्षे गैरहजर राहिलेल्या सभासदाचे नाव निवडणुकीच्या वेळी मतदार यादीतून गळू शकते. नेमका नियम आपल्या संस्थेच्या पोटनियमात असतो आणि पोटनियमांची प्रत मागण्याचा सभासदाला हक्क आहे.

सभेत उठून भांडायची गरज नाही. ‘अध्यक्षसाहेब, पान नंबर अमुकवरची थकबाकी जरा समजावून सांगाल का?’ एवढे नम्रपणे विचारले तरी पुरते. ज्या संचालकांचा कारभार सरळ आहे, त्यांना असा प्रश्न आवडतो, कारण कुणीतरी अहवाल वाचला याचा त्यांनाही आनंद होतो. हजेरीवहीत सही मात्र सभागृहात पोचल्यावरच करा, दारात आलेल्या कागदावर नको.