लेकराचा श्वास मोजायचा तो पूर्ण मिनिट

संत्र्याच्या तोडीचे दिवस आले की शेंदूरजनाघाटच्या बस्तीतली आई पहाटेच बागेत जाते आणि खोकणारं लेकरू आजीजवळ राहतं. अशा आज्यांसाठी आम्ही हे लिहितो आहोत. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात रोगी तपासायला जे शिकवतात, त्यातलं बरंचसं घरी करता येतं.

आधी श्वास. लेकरू शांत असताना, अंगावर पीत नसताना सदरा वर करा आणि पोटाकडे पाहा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळाचा सेकंदकाटा पूर्ण फिरेपर्यंत मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं आम्हाला मान्य नाही, कारण लहान लेकराचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, एक वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका धरा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तान्ह्याचे ६० भरले तर एकदा पुन्हा मोजा. तेवढेच आले तर तडक मोठ्या दवाखान्यात. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, लेकरू दूध ओढत नसेल, झटके येत असतील किंवा हाक मारूनही जागं होत नसेल, तर मोजत बसू नका, १०८ ला फोन लावा.

हे डॉक्टरचं काम, असं कोणी म्हणेल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींनाही श्वासावरून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, औषध द्यायला शिकवलं. तिथले बालमृत्यू कमी झाले आणि १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने ते छापलं. ज्यांना मोजदाद जमत नव्हती त्यांच्यासाठी वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. औषध मात्र शिकलेल्या हातानेच द्यायचं. घरातल्या उरलेल्या बाटलीतलं नको.

मग रंग. रोगी निळा पडतो, पांढरा पडतो, असं पुस्तकात असतं. ते गोऱ्या कातडीचं वर्णन. आपल्या सावळ्या अंगावर ते चटकन दिसत नाही, म्हणून जीभ, ओठांची आतली बाजू, नखं पाहा. खालची पापणी ओढून लाली आहे का पाहा. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्रसुद्धा काळ्या कातडीवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. धाप दिसत असेल तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

विदर्भात, आणि आपल्या समाजात, सिकलसेल बरंच आहे. अशा लेकराला ताप आला, ते एकाएकी फिकं पडलं किंवा डाव्या फासळ्यांखाली पानथरी वाढलेली हाताला लागली, तर उद्यावर टाकू नका.

मोठ्या माणसाचा श्वास मोजताना त्याला सांगू नका. सांगितलं की तो बदलतो. नाडी धरून ठेवा आणि नजर छातीवर ठेवा. नाडीला अंगठा लावू नये, अंगठ्याचेही ठोके लागतात.

आकडा आणि वेळ लिहून ठेवा: ‘पहाटे ५, श्वास ५८, दूध कमी’. दवाखान्याच्या खिडकीवर नुसतं ‘ताप आहे’ म्हटलं की रांगेत बसवतात, बस्तीतल्या बाईला तर हमखास. लिहिलेला आकडा पुढे केला की कोणाला तरी तो वाचावा लागतो. सुटा कागद हरवतो, म्हणून आम्ही लसीकरणाच्या कार्डाच्या मागेच लिहायला सांगतो.