चष्मा दोन मीटरचा, दाढ हातभरावर

मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या ऑगमेंटेड रिॲलिटी (एआर) चष्म्याचं उत्पादन थांबवल्याची बातमी गॅजेटवाल्यांनी वाचली आणि सोडून दिली. दंतवैद्यक महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांनी मात्र ती कापून ठेवावी. २०१९ मध्ये आलेला, साडेतीन हजार डॉलरचा हा चष्मा २०२४ मध्ये बंद पडला. बीडीएसची एक तुकडी इंटर्नशिपसह बाहेर पडायलाही पाच वर्षं लागतात! आणि ग्लासगोच्या ऑस्वल्ड फर्गसने १८९४ मध्ये पुढे आणलेलं फँटम हेड, म्हणजे जबडा बसवलेलं ते नकली डोकं, प्री-क्लिनिकल लॅबमध्ये अजून ठाण मांडून आहे.

ऑगमेंटेड रिॲलिटीची कल्पना वाईट नाही. व्हर्च्युअल रिॲलिटीत दात खोटा आणि दात कोरणाऱ्या बरला जाणवणारा विरोधही मोटारीचा. एआरमध्ये हँडपीस खरा, फँटम हेड खरं. डोळ्यांपुढे तेवढ्या जादा रेघा. पण त्या रेघा दाढ पोखरायला शिकवतील, यावर माझा विश्वास नाही. कॅव्हिटीची खोली दीड-दोन मिलिमीटर. आकृती मिलिमीटरभर सरकली की सगळं मुसळ केरात. शिवाय होलोलेन्सचा फोकस सुमारे दोन मीटरवर पक्का. आभासी वस्तू सव्वा ते पाच मीटरवर ठेवा, असं खुद्द कंपनीच सांगते. विद्यार्थी काम करतो हातभर अंतरावर. नजर दातावर रोखली की रेघा पुसट, रेघांवर रोखली की दात. वरच्या दाढांचं काम तर आरशात बघून करायचं. त्या उलट्या प्रतिमेवर रेघा कशा बसवणार? इनॅमल संपून डेंटिन लागलं हे हाताला कळतं, आणि तो धडा काढलेले खरे दात जितका देतात तितका प्लास्टिकचे देत नाहीत, मग चष्मा कितीही महाग असो.

खालचा जबडा बधिर करण्याच्या ब्लॉकची गोष्ट वेगळी. विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून सिरिंज आणायची, सुई दोन-अडीच सेंटिमीटर आत न्यायची आणि नस जबड्याच्या हाडात शिरते त्या छिद्रापाशी औषध सोडायचं. यातलं काहीही दिसत नाही. सुई फार मागे गेली तर औषध लाळग्रंथीत उतरतं आणि चेहऱ्याची एक बाजू काही तास लुळी पडते. अनुभवी हातांचाही ब्लॉक पाच-सहा वेळांत एकदा फसतो. अनेक ठिकाणी विद्यार्थी पहिलं इंजेक्शन वर्गमित्राला देतात. त्या मित्राच्या धैर्याला दाद द्यायला हवी.

इथे हाड आणि नस डोळ्यांपुढे उभी करणं ही चैन नाही. सर्बियातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच साध्या मोबाइलवरच्या एआर ॲपने करून पाहिलं. सराव केलेल्या विद्यार्थ्यांना वेळ कमी लागला आणि त्यांचा ब्लॉकही जास्त वेळा बसला. चष्मा नाही, निविदा नाही.

हँडपीसवर कॅमेऱ्याची नजर ठेवून, विद्यार्थ्याची कॅव्हिटी आदर्श कॅव्हिटीशी ताडून स्क्रीनवर चूक दाखवणारी डेंटसिमसारखी यंत्रं तर जुनीच आहेत, आणि त्यांचा निवाडा कंटाळलेल्या परीक्षकापेक्षा न्याय्य असतो, हे मान्य. पण कॅव्हिटी वाकडी का झाली, बोट कुठे टेकवायला हवं होतं, हे शेजारी उभ्या डेमॉन्स्ट्रेटरलाच हात धरून दाखवावं लागतं. एकेका डेमॉन्स्ट्रेटरच्या वाट्याला किती विद्यार्थी येतात, हे खरेदी समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.